अंगणातील पाणी

अहमदाबादच्या जुन्या शहरात ऊन घरात उशिरा शिरते. खाडिया भागातील पोळ म्हणजे एका वेशीआड नांदणारी घरांची अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंची कोरीव सागवानी घरे एकमेकांकडे इतकी झुकलेली, की सूर्य माथ्यावर येईपर्यंत खाली सावलीच असते. वेशीच्या आत पक्ष्यांना दाणे घालण्यासाठी उभारलेला चबुतरा असतो, त्याभोवती पारव्यांची वर्दळ असते, आणि प्रत्येक जुन्या घराच्या मध्यभागी आभाळाकडे उघडा असा फरसबंदी चौक असतो. २०१७ साली युनेस्कोने या तटबंदीच्या शहराला जागतिक वारशाचे स्थान दिले. तेव्हापासून येथे येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. मात्र बहुतेक पाहुण्यांची नजर वर, नक्षीदार तुळयांकडे असते. पायाखाली काय आहे, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही.

गेल्या हिवाळ्यात सांगलीचे एक हळद-व्यापारी कुटुंब या पोळमध्ये चार दिवस उतरले होते. निमित्त होते येथील एका जुन्या आडत्याच्या घरच्या लग्नाचे. दोन्ही पेढ्यांचा व्यवहार दोन पिढ्यांचा. सत्तरी ओलांडलेले अण्णा, त्यांच्या पत्नी, थोरले चिरंजीव, सूनबाई आणि दहा वर्षांचा नातू असा परिवार. चिरंजीवांच्या बॅगेत लग्नाच्या आहेराबरोबर एक गुंडाळलेला नकाशाही होता. विश्रामबागेकडे नव्याने बांधलेल्या बंगल्याच्या मागील अंगणात पोहण्याचा तलाव खोदायचा, असे त्यांच्या मनाने घेतले होते. अण्णांची संमती तेवढी बाकी होती आणि ती त्यांनी तीन महिने दिली नव्हती.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी यजमानांनी नातवाला चौकात बोलावले. फरशीतील एक जड गोल झाकण सरकवले आणि हातात एक आरसा घेऊन चौकात उतरलेले ऊन त्यावर झेलले. उन्हाचा तो तुकडा झाकणाखालच्या अंधारात शिरला आणि दोन पुरुष खोलीवर स्थिर, काळसर, निर्मळ पाणी चमकले. मुलाने एकदम आईचा हात धरला. आपण सकाळपासून ज्या जागेवर खेळत होतो तिच्याखाली पाण्याने भरलेली एक खोली आहे, हे त्याला तेव्हा कळले.

यालाच येथे टांका म्हणतात. घर बांधताना आधी टांका खोदला जाई आणि मग त्यावर चौक येई. आतील भिंतींना चुन्याचा घोटीव गिलावा असतो. छपरावरील पावसाचे पाणी पन्हळीतून धातूच्या नळाने खाली उतरते. पहिल्या पावसाचे पाणी छप्पर धुऊन निघते म्हणून ते बाहेर सोडून देतात आणि छप्पर स्वच्छ झाल्यावरच नळाचे तोंड टांक्याकडे वळवतात. आत ऊन पोहोचत नाही, त्यामुळे शेवाळ धरत नाही. धूळ जात नाही, त्यामुळे पाणी बिघडत नाही. दोरी लावलेल्या स्वच्छ भांड्याने पाणी काढायचे, कापडाने गाळायचे आणि केवळ पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी वापरायचे, ही शिस्त. नळाचे पाणी येण्यापूर्वी पावसाचे चार महिने वर्षभर पुरवण्याचे काम या टांक्यांनी केले. अनेक घरांत ते आता बुजले आहेत. या घरातील टांका मात्र भरलेला होता, कारण यजमानांच्या आईने मृत्यूपूर्वी तसे वचन घेतले होते.

अण्णा बराच वेळ झाकणाशी बसून राहिले. नंतर चिरंजीवांना म्हणाले, “ही मुदत ठेव आहे बघ. एकदा भरली की वर्षभर काढायची. तुझा तलाव कुठल्या खात्यात बसतो ते मला अजून समजलेलं नाही.”

चिरंजीवांच्या मनातील तलावाचे मूळही याच शहरात होते. त्यांच्या वास्तुविशारदाने त्यांना एक छायाचित्र दाखवले होते. शाहीबागेतील साराभाईंच्या आवारात, दाट झाडीत उभे असलेले विटा व काँक्रीटचे एक घर आणि त्याच्या वरच्या मजल्यावरून थेट खालच्या तलावात उतरणारी काँक्रीटची घसरगुंडी. कॅलिको मिलच्या साराभाई घराण्यातील, अंबालाल साराभाईंच्या सूनबाई मनोरमा साराभाई यांच्यासाठी हे घर फ्रेंच-स्विस वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी योजले. ते १९५१ मध्ये प्रथम अहमदाबादला आले. येथील गिरणीमालक कुटुंबांनी व नगरपालिकेने त्यांच्यावर कामे सोपवली आणि त्यांतून शहरात त्यांच्या चार इमारती उभ्या राहिल्या. साराभाईंचे घर १९५५ च्या सुमारास पुरे झाले. समांतर भिंतींवर बुटक्या कमानदार छतांची रांग, त्या छतांवर माती पसरून वाढवलेली हिरवळ, वारा आरपार जावा म्हणून उघडे ठेवलेले दालन आणि मुलांच्या हौसेची ती घसरगुंडी. एका विधवा मातेने आपल्या दोन मुलांसह राहण्यासाठी बांधवून घेतलेले हे घर आहे. तो तलाव श्रीमंतीच्या देखाव्यासाठी नव्हता, बाळपणासाठी होता, असे त्या छायाचित्राकडे पाहून वाटते.

ते घर खाजगी असल्याने पाहता येत नाही. त्याच आवारातील कॅलिको वस्त्रसंग्रहालय पूर्वनोंदणीने पाहता येते. अण्णा आणि चिरंजीव तेथे जाऊन आले. झाडांच्या गर्दीपलीकडे घर कोठे असेल याचा अंदाज बांधण्यापलीकडे चिरंजीवांच्या हाती काही लागले नाही. परतताना आश्रम रोडवरील गिरणीमालक संघाची इमारत त्यांनी बाहेरून पाहिली. तीही ल कॉर्बुझिए यांचीच, १९५४ ची. रिक्षात बसल्यावर त्यांनी पुन्हा नकाशा उलगडला.

त्या रात्री पोळमधील माडीवर हिशोबाला बसणे झाले. अण्णांनी पेढीवरच्या सवयीप्रमाणे कागदाच्या मधोमध रेघ ओढली. एका बाजूला एकदाचा खर्च, दुसऱ्या बाजूला कायमचा.

नकाशातील तलाव तीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद होता. खोली एका टोकाला तीन फूट आणि दुसऱ्या टोकाला साडेपाच. खड्डा मात्र यापेक्षा मोठा घ्यावा लागतो. भिंतींची जाडी, काम करणाऱ्याला उभे राहायला जागा आणि तळाखालची भर धरून सुमारे छत्तीस ब्रास माती निघणार. खोदलेली माती फुगते, म्हणून वाहून नेताना ती चव्वेचाळीस ब्रासच्या घरात जाणार. सांगलीची माती काळी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर थेट ठेवलेला तलाव तिच्याबरोबर हलतो. म्हणून काळी माती काढून मुरूम भरायचा, तो थरांनी दाबायचा, त्यावर काँक्रीटचा कोबा घालायचा. मग तळ आणि भिंती यांची सळई एकसंध बांधून शक्य तितक्या सलग काँक्रीट करायचे. सांधा जितका कमी, तितकी गळती कमी. नंतर पाणी मारून ते मुरू द्यायचे, जलरोधक थर द्यायचा आणि फरशी बसवण्यापूर्वी तलाव भरून काही दिवस पातळी तपासायची. फरशीखालची गळती नंतर शोधणे म्हणजे सगळी फरशी उखडणे.

“आणि पावसाळ्यात रिकामा करून ठेवला तर?” अण्णांनी विचारले.

“रिकामा ठेवायचाच नाही, अण्णा,” चिरंजीव म्हणाले. “जमिनीतलं पाणी वर आलं की रिकामा तलाव होडीसारखा उचलला जातो. आतल्या पाण्याचं वजनच त्याला खाली धरून ठेवतं. तळाला एक झडप बसवतात, पण खरा भार पाण्याचाच.”

अण्णांना ही गोष्ट आवडली. कर्ज काढून बांधलेल्या गोदामासारखेच हे, रिकामे ठेवले की मालकालाच उचलते, असे ते म्हणाले.

मग दुसरी बाजू आली. हा तलाव एकदा भरायला सुमारे चौपन्न हजार लिटर पाणी लागणार. ते सर्व पाणी साधारण सहा तासांत एकदा गाळणीतून फिरले पाहिजे, म्हणजे तासाला नऊ हजार लिटर ओढणारा पंप आला आणि त्याचे वीजबिल आले. गाळणी वाळूची. ती तुंबली की उलटे पाणी सोडून धुवायची, आणि दर धुण्याला काही शे लिटर गटारात जाणार. पाण्याची आम्लता ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवायची, क्लोरीन रोज तपासायचे. तळातून पाणी ओढणारी तोंडे एकाऐवजी दोन ठेवायची, दूर दूर आणि जाळी लावून, म्हणजे एखाद्या मुलाचे केस किंवा हात ओढला जाऊन ते तळाशी अडकणार नाही. भोवती कुंपण आणि आपोआप मिटणारे फाटक हवे. हे सारे टळले तरी ऊन टळत नाही. चैत्र-वैशाखात दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी नुसते उडून जाते. एवढ्या पृष्ठभागावर ते रोज तीनशे ते चारशे लिटर होते, महिन्याला दहा हजारांच्या वर.

अण्णांनी पेन खाली ठेवले. “चौपन्न हजार,” ते म्हणाले. “एक वाघीण.”

नातवाला वाघीण म्हणजे प्राणीच वाटला. तेव्हा अण्णांनी त्याला २०१६ च्या एप्रिलमधली गोष्ट सांगितली. लातूर शहराचे पाणी संपले होते आणि मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवायचे ठरले. तेल वाहणाऱ्या टाकीच्या वाघिणी कोटा येथील कारखान्यात वाफेने धुऊन आणल्या होत्या. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, त्यांत पाच लाख लिटर पाणी. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा तो प्रवास. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या गेल्या. मिरज स्थानकावर ती पहिली गाडी भरताना अण्णा पाहायला गेले होते. “एकेका वाघिणीसाठी तिकडे माणसं रात्र रात्र जागत होती,” ते म्हणाले. “आणि तेवढं पाणी आपल्या परसात, पाच माणसांच्या पोहण्यासाठी?”

माडीवर काही वेळ कोणी बोलले नाही. मग चिरंजीवांनी उत्तर दिले, आणि ते उत्तर हौसेचे नव्हते.

“अण्णा, तुम्ही पोहायला कुठे शिकलात?”

“कृष्णेत. पाठीला भोपळा बांधून. काकांनी घाटावरून ढकललं होतं.”

“मी शिकलो नाही. तुमच्या धाकट्या नातेवाइकांपैकी कोणीच शिकलं नाही. नदीत आता कोणी मुलं सोडत नाही आणि सोडावं असं पाणीही राहिलेलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आपण गोदामाच्या माळ्यावर होतो. ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं बुडाली. त्या दिवशी मी या पोराला मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मनात एकच येत होतं, की हा पाण्यात पडला तर मला उडीसुद्धा मारता येणार नाही. नदीकाठच्या गावात राहायचं आणि पाण्याला घाबरून राहायचं, हे मला बरोबर वाटत नाही.”

तीन महिन्यांत हे कारण त्यांनी प्रथमच सांगितले होते. घसरगुंडीचे छायाचित्र दाखवणे सोपे होते, ही भीती सांगणे अवघड होते. अण्णांनी कागदाची घडी केली आणि सकाळी बोलू म्हणाले.

आजींनी मात्र झोपण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला. “ते क्लोरीन का काय म्हणता, त्याचं काम काय?” पाण्यातले जंतू मारणे, असे सूनबाईंनी सांगितले. आजी आयुष्यभर पाणी गाळून वापरत आल्या. गाळण्यात राहिलेली जिवाणी ज्या विहिरीची त्याच विहिरीत अलगद परत सोडण्याची रीत त्यांच्या माहेरी होती. “म्हणजे आमचं गाळणं जीव परत सोडण्यासाठी आणि यांचं गाळणं मारण्यासाठी,” त्या म्हणाल्या. “आणि रात्रभर उघड्या पाण्यात दिव्यावरचे किडे पडणार ते वेगळेच. केवढा आरंभ हा.” या प्रश्नाला माडीवर कोणाकडे उत्तर नव्हते. क्लोरीनविना तलाव ठेवला तर मुले आजारी पडतात, हेही तितकेच खरे होते.

दुसऱ्या दिवशी यजमान सर्वांना अडालजची वाव दाखवायला घेऊन गेले. शहरापासून सुमारे अठरा किलोमीटरवर, १४९९ मध्ये राणी रूडाबाईंनी पुरी करवलेली ही पायऱ्यांची विहीर जमिनीखाली पाच मजले उतरत जाते. वरून पाहणाऱ्याला सपाट जमिनीत एक उघडी फट दिसते. पायऱ्या उतरू लागले की हवा थंड होते, आवाज मऊ होतात, आणि खांबांच्या रांगांतून प्रकाश आठ कोनांच्या कुव्यावर एकवटतो. पाणी काढायला आलेल्या बाया, व्यापारी तांडे, यात्रेकरू, कोणीही उतरावे आणि सावलीत बसावे, अशी ती बांधलेली आहे. पाण्यापर्यंत पोहोचण्याची वाट रुंद आहे आणि तीन बाजूंनी येते.

अण्णा तिसऱ्या मजल्यावरच्या कट्ट्यावर बसले. गुडघे पुढे जाऊ देत नव्हते. नातू खाली जाऊन परत आला आणि धापा टाकत विचारता झाला, “आजोबा, ही विहीर कोणाच्या मालकीची?”

“राणीने बांधली.”

“मग सगळ्यांना कसं येऊ देतात?”

अण्णांनी उत्तर दिले नाही. परतीच्या वाटेवर मात्र त्यांनी चिरंजीवांना पुढच्या आसनावरून मागे आपल्या शेजारी बसायला सांगितले.

मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत नकाशाचे नवे गणित झाले. पोहायला शिकण्यासाठी लांबी लागते, रुंदी लागत नाही. म्हणून तलाव चोवीस फूट लांब आणि केवळ दहा फूट रुंद. खोली तीन ते साडेचार फूट. पाणी सुमारे साडेपंचवीस हजार लिटर. घसरगुंडी रद्द झाली. एवढ्या उथळ पाण्यात वरून वेगाने येणारे मूल तळावर आदळेल, हे चिरंजीवांनी स्वतःच मान्य केले. नातू त्यावर पुण्यापर्यंत रुसून होता.

पाणी कोठून आणायचे याचे उत्तर पोळमधल्या चौकाने दिले होते. बंगल्याची गच्ची पंधराशे चौरस फुटांची आहे. वर्षाला सहाशे मिलिमीटर पावसाचा हिशोब धरला आणि पाचवा भाग वाया गेला असे मानले, तरी गच्चीवरून सहासष्ट हजार लिटर पाणी उतरते. म्हणजे आधी टाके, मग तलाव. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर, पुढचे गाळून टाक्यात. नळाचे वा टँकरचे पाणी तलावात घालायचे नाही, ही अण्णांची अट. ज्या वर्षी पाऊस दगा देईल त्या वर्षी उन्हाळ्यात पोहणे बंद. तलाव तळापुरता भरलेला ठेवायचा आणि उरलेले टाक्यातले पाणी घरासाठी. ही अट चिरंजीवांना जड गेली, कारण पोहण्याचा हंगाम आणि टंचाईचा हंगाम एकच असतो. तरी त्यांनी ती लिहून घेतली.

रात्री तलावावर आच्छादन ओढायचे, हे आजींच्या प्रश्नामुळे ठरले. त्याने उडून जाणारे पाणी पुष्कळ वाचते आणि किडेही पडत नाहीत. दिव्याखाली रात्री पोहायचे नाही, म्हणून तलावाला दिवेच ठेवायचे नाहीत. क्लोरीनच्या प्रश्नावर आजींचे समाधान झाले नाही, आणि कोणी करायचा प्रयत्नही केला नाही. “तुम्ही शिका. मी काठावर बसेन,” एवढेच त्या म्हणाल्या.

शेवटची अट अण्णांनी पुणे सोडल्यावर सांगितली. दर रविवारी सकाळी पेढीवरच्या हमालांची आणि शेजारपाजारची मुले तेथे पोहायला शिकतील. शिकवणारा माणूस नेमायचा आणि पगार पेढीतून द्यायचा. पुराचे पाणी घरे पाहून शिरत नाही, असे त्यांचे म्हणणे. चिरंजीवांनी याला लगेच होकार दिला नाही. दुसऱ्याच्या मुलाला काही झाले तर जबाबदारी कोणाची, हा त्यांचा प्रश्न खरा होता. विमा, पालकांची लेखी संमती, एका वेळी चारच मुले, अशी बोलणी कराडपर्यंत चालली आणि तेथेच थांबली.

गाडी मिरज स्थानकात शिरली तेव्हा बाजूच्या रुळांवर टाकीच्या काही वाघिणी उभ्या होत्या. काळ्या, लांबट, पोटाशी तेलाचे ओघळ वाळलेल्या. नातवाचा रुसवा तोपर्यंत ओसरला होता. त्याने खिडकीच्या गजाला गाल टेकवून विचारले, “आजोबा, आपला तलाव यातला केवढा?”

अण्णांनी बोटाने वाघिणीच्या मधोमध हवेत एक उभी रेघ ओढली. “इथपर्यंत. अर्धी.”

मुलाने ती अर्धी वाघीण डोळ्यांनी पुन्हा पुन्हा मोजली. मग म्हणाला, “तरी पुष्कळ आहे.”

“हो,” अण्णा म्हणाले आणि सामान उतरवायला उठले.